जिजी चामड्यावर बसत नसत

आमच्या जिजींनी उभ्या आयुष्यात कोणाला शिवी दिली नाही. त्यांना तशी गरजच पडत नसे. शिवी खाल्लेला माणूस चार दिवसांनी विसरतो. जिजींचं बोलणं ज्याला लागलं तो ते जन्मभर अंगावर वागवायचा. मी लग्न होऊन जुन्नरहून कळंबला आले त्या संध्याकाळी माझी भांडी ओटीवर मांडून ठेवली होती. वडिलांनी हौसेनं एकेका भांड्यावर माझं नाव घालून घेतलं होतं. जिजींनी त्यातलं एक पातेलं उचललं, नावावरून अंगठा फिरवला आणि जमलेल्या बायकांदेखत म्हणाल्या, "नावं लई खोल घातलीत. परत न्यायची पाळी आली तर वळखू येतील." बायका फिदीफिदी हसल्या. मी आत जाऊन पोटभर रडले. पुढं त्याच पातेल्यात रोज चहा ठेवताना ते वाक्य आठवून मला हसू यायला लागलं, तेव्हा कुठं मी त्या घरात रुळले.

जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन वर्ष झालं. तळेघरच्या बाजूला डोंगरातलं त्यांचं माहेर, भाताची आणि नाचणीची खाचरं एवढीच तिथली इस्टेट. अंगानं बारीक, काटक, आणि चालायला अशा की त्यांच्या बरोबरीनं राहायचं तर मला पळावं लागे. पायात कायम बाजारातल्या प्लास्टिकच्या चपला. माया करायच्या, नाही असं नाही, पण मायेलाही धार असायची. मला मुलगी झाली तेव्हा नात्यातली एक बाई बाळंतिणीला भेटायला आली आणि सुस्कारा टाकून म्हणाली, "पहिली मुलगीच का?" जिजी तिला चहा देत होत्या. कप तिच्या हातात ठेवून त्यांनी विचारलं, "तुमाला चार पोरं ना? सध्या कंच्या पोरानं ठिवलंय तुमाला?" ती बाई तेव्हा भाचीकडं राहत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं चहा तसाच ठेवला. त्या दिवसापासून मी जिजींची झाले.

सासऱ्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. पांढरीशुभ्र विजार, पांढरा सदरा, मोठा आवाज आणि त्याहून मोठं हसणं. चार माणसं जमली की अण्णांना एक गोष्ट सांगायची असायची. ती मी इतक्यांदा ऐकली की मला तोंडपाठ झाली. जुनी जीप होती तेव्हाची ही गोष्ट. जिजींच्या भावाचं लग्न आटपून तळेघरहून परत येत होते. पुढं अण्णा आणि त्यांचे दोस्त, मागं जिजी, मांडीवर तान्हा सुरेश, म्हणजे माझा नवरा. "आन् घाटात ही मागनं म्हणती, आवं, हळू चालवा!" अण्णा मांडीवर थाप मारायचे. "माझ्या दोस्तांदेखत! म्या दाबला ब्रेक. म्हणलं, हळू यायचंय न्हवं? उतर. चालत ये." आणि खरोखरच तिला पोरासकट घाटात उतरवून जीप घेऊन ते निघून आले होते. तिथून घाटाखालच्या डिंभ्यापर्यंत जिजी चालत आल्या आणि मग मिळेल त्या गाडीनं रात्रीपर्यंत घरी पोचल्या.

गोष्ट संपली की पाहुणे हसायचे. त्यांच्याही आधी सुरेश हसायचा. बापाची गोष्ट शेवटापर्यंत जायच्या आतच तो हसायला सुरुवात करायचा. लहानपणापासून लागलेली सवय ती. जिजी त्या वेळी बहुधा पंगतीत वाढत असायच्या. त्यांचा हात हलायचा नाही की चेहरा. जणू दुसऱ्याच कुठल्या बाईची गोष्ट चालली आहे. एकदा मी स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "जिजी, खरंच उतरवलं होतं?" त्या म्हणाल्या, "भाजीत मीठ बघ."

पुढं अण्णांनी मोठी पांढरी गाडी घेतली. गाडी आली, पण तिच्या कापडी शीटांनी अण्णांची झोप उडवली. कुठल्याशा पुढाऱ्याच्या गाडीत ते एकदा बसून आले होते आणि त्या गाडीत चामड्याची शीटं होती. अण्णांनी गाडी तशीच हायवेवरच्या सिद्धार्थभाऊंच्या दुकानात नेली. सिद्धार्थभाऊ शीटं शिवण्यात वाकबगार, बोलायला शांत. ते म्हणाले, "अण्णा, चामडं मी शिवत नाय. आमच्या आज्यानं गावची मेली जनावरं वढायचं सोडलं, त्या दिवसापास्नं आमच्या घरात चामड्याला हात लागलेला नाय. रेक्झीन घालतो. असं घालतो, की गाय बी फसंल." अण्णांनी थोडा विचार केला आणि रेक्झीनला हो म्हटलं. वर अट घातली की गावात अस्सल चामडं म्हणूनच सांगायचं. "मी सांगनार नाय," सिद्धार्थभाऊ म्हणाले. "कुनी इचारलं तर मान खाली घालून शिवत बसंन." हे त्यांनीच सुरेशला सांगितलं, सुरेशनं मला. म्हणजे घरात जिजी सोडून सगळ्यांना माहीत होतं, असं आम्ही धरून चाललो.

गाडी दारात लागली तेव्हा अख्खी आळी बघायला आली. अण्णा लोकांचे हात धरून धरून शीटावर ठेवत होते. "अस्सल हाय. वास घ्या." लोकही वास घेत होते आणि माना डोलवत होते. मग अण्णांनी पुढचं दार उघडलं आणि जिजींना म्हणाले, "बस. ओझरला जाऊन गाडीची पूजा करू." जिजींच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. त्या एक पाऊल मागं सरल्या.

"चामडं हाय व्हय?"

"अस्सल!"

"मग मला न्हाई बसता यायचं. माझ्या माहेरी चामड्याला शिवत न्हाईत. आन् देवाला जाताना तर न्हाईच न्हाई."

जिजींच्या माहेरी असं काही सोवळं असल्याचं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. पण त्यांच्या पायातल्या त्या प्लास्टिकच्या चपला बघून आम्हाला ते पटलं. अण्णांना तर राग येण्याऐवजी आनंदच झाला, कारण त्यांच्या चामड्याला घरातूनच साक्षीदार मिळाला होता. आम्ही सगळे गाडीतून ओझरला गेलो. जिजी नारळ पिशवीत घालून एसटीनं आल्या.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सुरू झाली. अण्णा दुपारी जेवायला आले, तर दारात जिजी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. "हातपाय धुवा. चामड्यावरनं आलाय." पहिल्या दिवशी अण्णा हसत हसत धुऊन आत आले. मग सोमवार आला, तेव्हा हातपाय पुरेनात, अंघोळ लागली. मग चतुर्थी आली, एकादशी आली, आणि कुठल्या ना कुठल्या देवाचा वार असल्याशिवाय आठवडा काय जातो? पौषातल्या थंडीत अण्णा अंगणात उघडे बसून अंगावर तांबे ओतून घेत आहेत, दात वाजत आहेत आणि भिंतीवरून शेजारी विचारतोय, "काय अण्णा, परत अंघोळ?" अण्णा कुडकुडत सांगायचे, "चामडं हाय ना अस्सल. घरात सोवळं लई." रेक्झीन आहे असं एकदा म्हणाले असते तर सुटले असते. पण ते त्यांच्या जिभेवर येत नव्हतं आणि जिजी तांब्या खाली ठेवत नव्हत्या. आम्ही नवराबायको आत तोंडाला पदर नि टॉवेल लावून हसायचो.

उन्हाळ्यात ते शीट तापायचं. अण्णांचा सदरा पाठीला आणि पाठ शीटाला चिकटायची. उतरताना चर्रकन आवाज व्हायचा. जिजी ओट्यावरून म्हणायच्या, "सोडंना व्हय? लई जीव लावलाय तुमाला जनावरानं." वर्षं सरली तसे रेक्झीनचे पापुद्रे सुटायला लागले. अण्णांच्या पांढऱ्या विजारीवर मागच्या बाजूला काळे तुकडे चिकटून यायचे. बरोबर पाहुण्यांसमोर जिजी ते एकेक करून वेचायच्या आणि म्हणायच्या, "कात टाकली वाटतं आज." पाहुणे हसायचे, अण्णांना हसावं लागायचं. गाडी आतून पुसायचं कामही जिजींनीच आपल्याकडं घेतलं होतं. सोवळं कसं चालतं म्हटलं तर सांगायच्या, "पुसून अंघोळ करती की." एकदा बाजाराच्या दिवशी मी त्यांना सिद्धार्थभाऊंच्या दुकानात चहा पिताना पाहिलं. बसल्या होत्या त्या स्टुलावर अण्णांच्याच शीटातलं उरलेलं काळं रेक्झीन होतं. मला त्यांची कीव आली. बिचारीला काही कळत नाही, असं वाटलं.

मग तळेघरहून निरोप आला. जिजींचा भाऊ, ज्याच्या लग्नाहून येताना ते सगळं घडलं तोच, शेवटच्या घटका मोजत होता आणि बहिणीचं नाव घेत होता. एकुलता एक भाऊ. अण्णांनी त्या वेळी खरोखर धावपळ केली, हे कबूल करायला हवं. गाडी दारात आणली, स्वतः दार उघडलं. "चल. दीड तासात नेतो." जिजी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. गाडीकडं बघत राहिल्या.

"चामडं हाय," त्या म्हणाल्या.

"आगं, आजच्या दिवस..."

"मरनाऱ्याला चामड्यावरनं आल्याली बघवंल का?"

फाटकाशी शेजारपाजारची माणसं जमली होती. अण्णांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी माणसांकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. सुरेशला सगळं ठाऊक होतं. त्यानं बापाकडं पाहिलं आणि तोही गप्प बसला. मी त्याला दंडाला धरून हलवलं, तर दुसरी गाडी बघतो म्हणून तो रस्त्याकडं पळाला. तो परत येईपर्यंत जिजी स्टँडवर पोचल्या होत्या. मंचरला एसटी बदलून, तळेघरला उतरून, पुढची वाट पायी तुडवून त्या माहेरी गेल्या तेव्हा चिता विझत आली होती. मला त्या दिवशी अण्णांची किळस आली. एका खोट्या शीटापायी या माणसानं बहिणीला भाऊ दाखवला नाही, असं मी सुरेशला तोंडावर म्हणाले. तो म्हणाला, "आता बोलून काय उपयोग?"

जिजी परत आल्या त्या रडल्या नाहीत. भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "वंदना, गाडी चालवायला शिक." मी उडालेच. अण्णा बाहेरून ऐकत होते, ते मोठ्यानं हसले. जिजी आवाज न चढवता म्हणाल्या, "चालवनाऱ्याला कुनी उतरवत न्हाई." मंचरला जाऊन मी शिकले. पहिल्यांदा गाडी फाटकाला घासली तेव्हा अण्णा ओरडत धावत आले. जिजी म्हणाल्या, "फाटक जुनंच व्हतं."

पुढच्या हिवाळ्यात अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. जवळच्या डॉक्टरांनी ताबडतोब पुण्याला न्यायला सांगितलं. सुरेश चालवायला बसला, अण्णांना मागच्या शीटावर आडवं केलं. अंगणात पुन्हा तीच सगळी माणसं. अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि डोळे एकट्या जिजींना शोधत होते. घाबरलेला माणूस किती लहान होतो ते मी तेव्हा पाहिलं. त्यांनी हात पुढं केला. "चल ना संगं. इथं बस, माझ्यापाशी."

जिजी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"आगं, रेक्झीन हाय ते," अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले. आवाज फुटत होता. "चामडं न्हाई. कदी नव्हतंच. खोटं बोललो म्या. आता तरी बस."

ज्या माणसानं थंडीत अंघोळी केल्या, मेव्हणा मरत असताना तोंड मिटून घेतलं, त्यानं ते एक वाक्य अखेर उच्चारलं होतं. जिजींनी पदराला हात पुसले आणि गाडीच्या दारापर्यंत गेल्या. मला वाटलं, बसतील. त्यांनी अण्णांचं पांघरूण नीट केलं.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "पैल्या दिवसापास्नं ठाव हाय. पुसायला मीच जाती ना." मग त्यांनी गाडीचं दार बाहेरून लावलं आणि सुरेशला म्हणाल्या, "हळू चालव रे."

काचेतून मला अण्णांचा चेहरा दिसला. ते शब्द त्यांना पोचले होते. इतकी वर्षं हसत हसत सांगितलेली गोष्ट त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आली असावी.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं जिजी पुण्याला गेल्या. अण्णांची वाचा गेली होती. शेवटपर्यंत उशाशी जिजीच होत्या. पेज भरवली, अंग पुसलं, रात्री जागल्या. एकही शब्द टोचून बोलल्या नाहीत. अण्णांना तेच सगळ्यात जास्त लागलं असेल, असं मला वाटतं.

मी मात्र आतून हादरले होते. अण्णा गेल्यावर एकदा धीर करून विचारलं, "जिजी, मग मामांच्या वेळी?" त्या तांदूळ निवडत होत्या.

"नवऱ्याच्या गाडीत बसत न्हाई म्हनलं असतं, तर गावानं येडी ठरवलं असतं मला. सोवळं म्हनलं की कुनी काय बोलत न्हाई." मग थांबून म्हणाल्या, "त्या दिवशी बसले असते तर परत कदी उतरता आलं नसतं. भाऊ माझ्या हट्टापायी दिसला न्हाई. ते पाप माझं हाय, तुमच्या अण्णांवर घालू नकोस." मला त्यांची भीती वाटली. आणि त्यांच्यावर माझा जीव जितका त्या वेळी होता, तितका आधी कधी नव्हता.

हे सगळं इथंच संपलं असतं. पण अण्णांच्या तेराव्याला पंगत बसली, पाहुणे अण्णांच्या आठवणी काढायला लागले, आणि सुरेशला काय वाटलं कोण जाणे, त्यानं ती गोष्ट सांगितली. बापाच्याच थाटात, मांडीवर थाप मारून. "आन् अण्णा म्हणले, हळू यायचंय न्हवं? उतर!" पाहुणे हसले. जिजी बुंदी वाढत होत्या. त्यांचा हात थांबलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

महिनाभरानं त्या म्हणाल्या, भावाच्या घरी जाऊन येऊ. गाडी मी काढली. जिजी पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसल्या, जणू रोजच बसतात. सुरेश मागं. तळेघरला भावजयीकडं जेवलो, तिनं तांदळाची पिशवी दिली, गप्पा झाल्या. परतताना घाटात एका वळणावर जिजींनी माझ्या हातावर हात ठेवला. "थांबव."

मी गाडी कडेला घेतली. जिजी मागं न वळता म्हणाल्या, "सुरेश, उतर."

"काय झालं?"

"काय न्हाई. चालत ये."

त्याला आधी थट्टा वाटली. तो हसलासुद्धा, सवयीनं. मग जिजींचा आवाज परत आला, "लई हसायचास ना? उतर." चाळिशीचा माणूस शाळेतल्या पोरासारखा खाली उतरला आणि माझ्याकडं बघायला लागला. मी काहीतरी बोलेन, अशी त्याची अपेक्षा असणार. जिजी म्हणाल्या, "चल." मी गाडी काढली. आरशात तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, हात लोंबकळत. मला वाईट वाटायला हवं होतं. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं नाही. घरी उतरताना जिजींची पाठ शीटाला चिकटली, चर्रकन आवाज झाला, तेव्हा तेवढ्या त्या हसल्या.

सुरेश दिवेलागणीला घरी आला. बूट हातात, पायाला फोड, तोंडावर धूळ. मला वाटलं, आता घरात आग लागणार. तो ओट्याच्या पायरीवर बसला. जिजींनी तांब्या आणला आणि त्याच्या पायावर पाणी ओतायला लागल्या. तो खाली बघत होता.

"जिजी," तो म्हणाला, "लई लांब हाय गं ते."

जिजींनी तांब्या रिकामा केला. "तू तर मोकळ्या हातानं आलास," त्या म्हणाल्या. "माझ्या कडेवर तू व्हतास."

आणि चुलीवर तवा तापला होता म्हणून आत गेल्या.